तपासणीनेच तोडलेला भाग: जेटब्लू २९२ आणि ए३२० चं आडवं झालेलं पुढचं चाक

२१ सप्टेंबर २००५. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला बर्बँक नावाचा छोटा विमानतळ आहे. तिथून दुपारी सव्वातीनच्या सुमारास जेटब्लूचं फ्लाइट २९२ न्यूयॉर्कसाठी निघालं. विमान एअरबस ए३२०-२३२, आत सुमारे १४० प्रवासी, दोन वैमानिक आणि चार केबिन क्रू. चाकांनी धावपट्टी सोडली, पण लँडिंग गिअर वर जाईना. कॉकपिटच्या ईकॅम पडद्यावर, म्हणजे यंत्रणांचे इशारे दाखवणाऱ्या पडद्यावर, दोन संदेश आले: पुढच्या गिअरच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये दोष आणि नोज व्हील स्टीअरिंगमध्ये, म्हणजे पुढचं चाक वळवणाऱ्या यंत्रणेत दोष.

बिघाड नेमका काय आहे, हे आतून कळायला मार्ग नव्हता. म्हणून विमान लाँग बीच विमानतळावर नेऊन टॉवरजवळून खालून काढलं. खालच्या लोकांना जे दिसलं ते असं: पुढची जोडचाकं सरळ नव्हती, ९० अंशांत वळून विमानाच्या आडवी झाली होती. या चाकांवर उतरायचं म्हणजे ती फिरणार नाहीत, धावपट्टीवर फरफटत जाणार.

शेवट चांगला झाला, कोणालाही इजा झाली नाही. त्यामुळे हे प्रकरण 'थरारक लँडिंग' म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिलं. स्टीअरिंगच्या देखभालीचं काम करणाऱ्याला त्यात याहून बरंच जास्त सापडतं. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास मंडळाच्या तपासात निघालेलं कारण असं होतं की स्टीअरिंग नीट चालतं का हे पाहणारी चाचणीच पुन्हापुन्हा होऊन एक भाग थकला आणि तुटला.

चाक सरळ कोण ठेवतं

ए३२० मध्ये वैमानिकाच्या टिलरपासून, म्हणजे जमिनीवर चाक वळवायच्या हातचाकापासून, चाकापर्यंत केबल किंवा सळई जात नाही. टिलर किंवा रडर पेडल हललं की विजेचा सिग्नल बीएससीयूकडे, म्हणजे ब्रेक आणि स्टीअरिंग सांभाळणाऱ्या संगणकाकडे जातो. तो सर्व्हो व्हॉल्व्हला हुकूम देतो. हायड्रॉलिक दाबावर सिलिंडरमधला रॅक सरकतो, रॅक फिरत्या नळीवरच्या पिनियनला फिरवतो, नळी टॉर्क लिंकला, म्हणजे जोडदांड्याला, आणि टॉर्क लिंक खालच्या पिस्टनला व चाकांच्या आसाला. टिलरने चाक दोन्ही बाजूंना ७५ अंशांपर्यंत वळतं. पेडलने फक्त ६ अंश, कारण पेडलचा उपयोग धावपट्टीवर वेगात असताना थोडीफार दिशा सावरण्यापुरता. टिलर चालायला विमान जमिनीवर हवं, किमान एक इंजिन चालू हवं, टोइंगचा, म्हणजे विमान ओढून नेण्याचा लिव्हर नॉर्मल जागेवर हवा आणि अँटिस्किड व स्टीअरिंगचा स्विच ऑन हवा. यातली एक अट जरी चुकली तरी टिलर निकामी.

आकाशात गेल्यावर चाक मधोमध आणण्याचं काम संगणकाचं नाही, ते लोखंडी आहे. जमिनीवरून उठताना शॉक अ‍ॅब्सॉर्बर नायट्रोजनच्या दाबाने पूर्ण लांब होतो. तेव्हा पिस्टनवरचा खालचा कॅम, म्हणजे ठरावीक आकाराचा धातूचा भाग, वरच्या कॅममध्ये जाऊन बसतो आणि चाक ओढून सरळ करतो. हा वरचा कॅम ज्या आधारावर आहे तो आधार स्वतः फिरू नये म्हणून त्याच्या कडेला दातांसारखे लग आहेत. ते बाहेरच्या नळकांड्याच्या खाचांत अडकलेले असतात. लग शाबूत असतील तर 'मधोमध' म्हणजे विमानाच्या सरळ रेषेत. लग तुटले तर कॅम आपल्या जागी बसतो खरा, पण ती जागाच फिरलेली असते.

गिअर वर घेण्याआधी विमान स्वतः पाहतं: शॉक अ‍ॅब्सॉर्बर लांब झाला का, चाक मध्यावर आहे का. नसेल तर गिअरचा लिव्हर खालीच अडकून राहतो. वाकडं चाक व्हीलबेमध्ये, म्हणजे ते ठेवायच्या कप्प्यात शिरलं तर तिथेच रुतून बसेल आणि उतरताना बाहेर येणार नाही, म्हणून ही अडवणूक. २९२ वर गिअर वर गेला नाही तो यामुळेच, आणि ते बरंच झालं.

लग का तुटले

प्रत्येक लँडिंगआधी गिअर खाली आला की बीएससीयू एक चाचणी घेतो. चाक थोडं एका बाजूला, थोडं दुसऱ्या बाजूला हलवून बघतो: दिलेला हुकूम आणि चाकाची खरी जागा जुळतात का. जुळल्या नाहीत तर स्टीअरिंग बंद. कल्पना चांगली आहे. धावपट्टीवर ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात स्टीअरिंग दगा देणार असेल, तर ते हवेतच कळलेलं परवडतं.

पण चाचणी हवेत होते आणि हवेत शॉक अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण लांब असतो, म्हणजे दोन्ही कॅम एकमेकांत घट्ट बसलेले. चाक वळवायला निघालं की कॅम त्याला रोखतो आणि ती सगळी पीळ जाते वरच्या आधाराच्या लगवर. जमिनीवर टॅक्सी करताना चाक ७० अंश वळलं तरी लगवर हा भार येत नाही, कारण वजनाने पिस्टन आत गेलेला असतो आणि कॅम सुटे झालेले असतात. म्हणजे जिथे मोठी वळणं, तिथे लग निवांत. जिथे काही अंशांची किरकोळ हालचाल, तिथे लगला मार. डिझाइनच्या कागदावर ताकद मोजणाऱ्याला हा भार क्षुल्लक वाटेल. पण धातूचा थकवा एका भाराच्या आकाराइतकाच भारांच्या संख्येवर वाढतो. दिवसाला चार उड्डाणं धरली तरी वर्षाला १४६० चाचण्या होतात, आणि प्रत्येकीत चाक एकापेक्षा जास्त वेळा हलतं. खाचेच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग पडते, दर लँडिंगला तसूभर पुढे सरकते आणि एक दिवस लग निखळतो.

एनटीएसबीने ठरवलेलं संभाव्य कारण हेच: लँडिंगपूर्वीच्या चाचण्यांच्या आवर्तनांमुळे दोन लग थकून तुटले आणि गिअर वर घेताना चाकं शून्य अंशावरून हलली. कारणाला हातभार लावणाऱ्या दोन गोष्टीही नोंदवल्या. बीएससीयूच्या तर्कामुळे चाकं पुन्हा मध्यावर येऊ शकली नाहीत. आणि अशा वेळी बीएससीयू रीसेट करून पाहण्याची पद्धत वैमानिकांकडे नव्हती.

बीएससीयूच्या तर्काला सरसकट दोष देणं सोपं आहे, पण अन्यायाचं होईल. हुकूम आणि जागा जुळत नसतील तर स्टीअरिंगचा दाब काढून घेणं, हा जमिनीवर अगदी योग्य निर्णय आहे. तिथे आपोआप वळणारं चाक विमान धावपट्टीबाहेर नेऊ शकतं. दाब काढला की चाक मोकळं होतं आणि धावताना स्वतःच सरळ होतं. हवेत मात्र गणित उलटं आहे. तिथे चाक सरळ करणारं लोखंडी साधन, म्हणजे कॅम, आधीच फिरलेलं होतं. उरली होती फक्त हायड्रॉलिकची ताकद, आणि तर्काने नेमकी तीच कापली. चाक ९० अंशांवर राहिलं ते राहिलंच.

रीसेट म्हणजे अँटिस्किड व स्टीअरिंगचा स्विच ऑफ करून पुन्हा ऑन करणं. संगणक नव्याने सुरू होतो, दाब पुन्हा मिळतो आणि चाक मध्यावर यायची एक संधी तयार होते. ती दरवेळी साधेलच असं नाही, पण काहीच न करता आडव्या चाकावर उतरण्यापेक्षा स्विचची एक खटखट केव्हाही बरी.

उतरण्याचे तीन तास

ए३२० ला हवेत इंधन सांडायची सोय नाही. न्यूयॉर्कपर्यंतचं इंधन पोटात, म्हणून ते जाळण्यासाठी विमान समुद्रकिनाऱ्यावर घिरट्या घालत राहिलं. वजन कमी म्हणजे उतरण्याचा वेग कमी, पुढच्या चाकावरचा भार कमी आणि आग लागलीच तर तिला खायला कमी. उतरण्यासाठी लॉस एंजेलिस आंतरराष्ट्रीय विमानतळाची २५एल धावपट्टी निवडली. ती ११,०९६ फूट, म्हणजे ३.४ किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि अग्निशमनाची तयारीही तिथे मोठी. प्रवासी आणि हातातलं सामान मागच्या रांगांत सरकवलं, जेणेकरून गुरुत्वमध्य मागे जाईल आणि नाक जास्त वेळ वर धरता येईल. त्या विमानांत प्रत्येक सीटमागे थेट टीव्ही होता. स्वतःच्या विमानाची बातमी प्रवासी वरून बघत होते, लँडिंगच्या थोडं आधी क्रूने पडदे बंद केले.

संध्याकाळी ६ वाजून गेल्यावर मुख्य चाकं सुमारे १२० नॉट्सला, म्हणजे ताशी २२० किलोमीटरच्या आसपास टेकली. कॅप्टनने नाक शक्य तितका वेळ वर धरलं. पुढचं चाक ९० नॉट्सच्या आसपास टेकलं. या लँडिंगमध्ये जे केलं नाही तेही तितकंच बोलकं आहे. रिव्हर्स थ्रस्ट वापरला नाही, ग्राउंड स्पॉयलर वापरले नाहीत, ऑटोब्रेक लावला नाही. नेहमीच्या लँडिंगमध्ये वेग कमी करणारी ही तिन्ही साधनं हवीच असतात, पण इथे त्यांनी नाक लवकर आणि जोरात खाली आपटलं असतं. ६० नॉट्सला इंजिनं बंद केली. टायर फाटले, ठिणग्या आणि ज्वाळा निघाल्या, रिम घासत घासत जवळपास अर्ध्या झाल्या. विमान मधल्या रेषेवरून ढळलं नाही आणि धावपट्टीचे सुमारे हजार फूट शिल्लक असताना थांबलं. घसरगुंड्या उघडाव्या लागल्या नाहीत, प्रवासी शिडीवरून उतरले.

पुढच्या गिअरचा खांब मोडला नाही हा निव्वळ दैवाचा भाग नव्हता. पुढच्या गिअरवर विमानाच्या वजनाचा थोडाच हिस्सा येतो. फरफटणाऱ्या चाकाचा जोर मागच्या दिशेने असतो आणि त्या दिशेचा भार सोसायला खांब मुळातच बांधलेला असतो. चाकाच्या दृष्टीने हा भार आडवा होता, खांबाच्या दृष्टीने नव्हे.

याआधीचं कोलंबस

हे पहिलं आडवं चाक नव्हतं. १६ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिका वेस्टचं ए३२० ओहायो राज्यातल्या कोलंबसला अशाच ९० अंशांत वळलेल्या चाकांवर उतरलं होतं. तिथलं मूळ मात्र वेगळं. स्टीअरिंगच्या हायड्रॉलिक मॉड्यूलमधल्या बाहेरच्या ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणाऱ्या गोल कड्या, आपल्या खाचेतून सरकून बाहेर आल्या होत्या. त्यामुळे दाब जिथे थांबायचा तिथे न थांबता चाकाकडे गळत राहिला.

या प्रकरणातल्या तारखा नियमनाची तब्येत दाखवतात. एअरबसने ओ-रिंग बदलण्याचं सर्व्हिस बुलेटिन ८ ऑक्टोबर १९९८ ला काढलं आणि मुदत दिली १८ महिन्यांची. कोलंबसची घटना त्यानंतर चार महिन्यांनी घडली, म्हणजे मुदत संपायला वर्षाहून जास्त काळ बाकी. फ्रान्सच्या डीजीएसी या नागरी विमान नियामकाने बदल सक्तीचा करणारी एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह २४ मार्च १९९९ ला काढली. अमेरिकेच्या एफएए या नियामकाची डायरेक्टिव्ह लागू झाली १७ डिसेंबर १९९९ ला. सर्व्हिस बुलेटिन ही उत्पादकाची शिफारस. ती पाळायची की पुढच्या मोठ्या चेकपर्यंत थांबायचं, हे विमान कंपनी ठरवते. डायरेक्टिव्ह आली की तो प्रश्न संपतो: मुदतीत काम झालं नाही तर विमान उडण्यास अपात्र. यात कोणी नियम मोडला असं नाही, जोखीम मुदतीच्या आत राहिली इतकंच. बुलेटिन हातात आल्यावर मुदतीच्या रकान्याकडे बघण्याआधी 'हा भाग निकामी झाला तर पुढे काय होतं' हे वाचायला हवं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी कोलंबस हे हुकमी उदाहरण आहे.

दुसरं म्हणजे, बाहेरून तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन घटनांची कारणं इतकी वेगळी होती की ओ-रिंग बदलून २९२ टळलं नसतं.

नियम काय म्हणतो

मोठ्या विमानांच्या नोज व्हील स्टीअरिंगसाठी युरोपच्या प्रमाणन नियमांत कलम २५.७४५ आहे. त्याचा सारांश असा. स्टीअरिंग वापरायला वैमानिकाचं असामान्य कौशल्य लागू नये, उड्डाणाच्या धावेत एक इंजिन बंद पडलं तरीही. स्टीअरिंगच्या हालचालीने गिअर वर-खाली होण्यात अडथळा येऊ नये. एकाच बिघाडामुळे चाक घातक परिणाम होईल अशा जागी जाऊ नये. विमान ओढताना स्टीअरिंगला इजा होणार नाही अशी टोइंगची जोडणी असावी. त्यात आणखी एक तिखट अट आहे: खाली आलेलं चाक आपोआप सरळ रेषेत येत नसेल, तर ते ज्या ज्या वाकड्या जागी असू शकतं त्या सगळ्या जागांवरून सुखरूप लँडिंग करून दाखवा. म्हणूनच उत्पादक चाक आपोआप सरळ येण्याची सोय करतात आणि ए३२० मध्ये ती सोय म्हणजे कॅम.

'एकच बिघाड' या शब्दांत २९२ चपखल बसत नाही. लगची भेग हळूहळू वाढणारी आणि नजरेआड. ती पूर्ण होईपर्यंत प्रत्येक चाचणी पास होत राहते, कारण चाचणी कोन तपासते, धातू तपासत नाही. भेग पूर्ण झाली की पुढचा घाव तर्क घालतो. यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्या सीमेवरचे असे बिघाड दोन वेगळ्या विभागांच्या टेबलांवर अर्धेअर्धे दिसतात. गिअरवाल्यांना लगची ताकद दिसते, संगणकवाल्यांना चाचणीचा तर्क. एका आयुष्यात ही चाचणी लगला किती वेळा पिळते, हा हिशेब दोघांच्या मधे पडतो.

भारतात मूळ डिझाइन असलेल्या देशाच्या डायरेक्टिव्ह बंधनकारक असतात आणि एअरबससाठी त्या आता युरोपच्या ईएएसए या विमानसुरक्षा संस्थेकडून येतात. मुंबई-पुण्याहून उडणाऱ्या विमानांत ए३२० कुटुंबाचा वाटा मोठा, तेव्हा हा विषय इथल्या लाइन मेंटेनन्सच्या, म्हणजे रोजच्या देखभालीच्या टेबलावरही रोज असतं.

हँगरमध्ये याचा अर्थ

शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दोषाचा संदेश एकटा आला तर बहुतेक वेळा प्रॉक्झिमिटी सेन्सर (भाग जवळ आला की नाही हे ओळखणारा), त्याचं वायरिंग, सेन्सर आणि टार्गेटमधलं अंतर किंवा कमी झालेला नायट्रोजन हेच निघतं. सेन्सर बदलला, चाचणी पास, विमान सोडलं, ही सवय इथेच लागते. तोच संदेश स्टीअरिंगच्या दोषासोबत आला तर सेन्सर बदलून सही करू नये. पोस्ट फ्लाइट रिपोर्ट काढून दोन्ही संदेशांची वेळ आणि उड्डाणाचा टप्पा जुळवावा, आणि मागच्या काही दिवसांच्या लॉगमध्ये तोच संदेश येऊन गेला का ते पाहावं.

प्रत्यक्ष पाहणीचा क्रम मॅन्युअलप्रमाणेच, पण त्यामागचं कारण डोक्यात असावं. आधी तिन्ही गिअरना सेफ्टी पिन, दरवाजे लॉक, हायड्रॉलिकचा दाब शून्य. जॅकवर नाक उचललं की शॉक अ‍ॅब्सॉर्बर लांब होतो आणि कॅम बसतो. चाक आता विमानाच्या रेषेत आलं पाहिजे. ते काही अंश तिरकं बसत असेल, किंवा हाताने हलवल्यावर कॅम बसूनही ढिलं फिरत असेल, तर संशय थेट वरच्या आधारावर. टॉर्क लिंकच्या पिनमधला खेळ वेगळा मोजावा, नाहीतर झिजलेल्या बुशचा दोष लगच्या माथी जातो. लग बाहेरून दिसत नाहीत, बोरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने पाहावे लागतात. खांब उघडण्याआधी नायट्रोजन पूर्ण सोडलाच पाहिजे. दाब असलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर सैल करणं जिवावर बेततं. भेग दिसली तर दुरुस्ती नाही, भाग बदलणं.

रोजच्या कामात लगपेक्षा टोइंगनेच स्टीअरिंगचं जास्त नुकसान होतं. ए३२० मध्ये पुढच्या गिअरवरच्या विजेच्या डब्यावरचा लिव्हर टोइंगला करून पिन घातली की ईकॅमवर स्टीअरिंग तोडल्याचा मेमो हिरवा येतो. इंजिन चालू असेल तर तोच पिवळसर. पिन न घालता ओढलं तर टोबार, म्हणजे ओढायचा दांडा, आणि हायड्रॉलिक एकमेकांशी झुंजतात. पिन काढायची राहिली तर वैमानिकाला टॅक्सीत टिलर मेलेला सापडतो. ओढताना ९५ अंशांची मर्यादा आहे, गिअरच्या दरवाजांवर तिच्या लाल खुणा असतात. मर्यादा ओलांडली तर 'काही झालं नाही, सरळ आलं' हे उत्तर चालत नाही. रॅक, फिरती नळी, टॉर्क लिंक आणि टोबारची शिअर पिन (जास्त जोर आला की आधी तुटणारी) तपासून लॉगमध्ये नोंद करावी लागते. पुशबॅक करणारा ड्रायव्हर ही गोष्ट सांगेल की नाही, हे त्याला त्याबद्दल किती ओरडा बसतो यावर असतं, आणि इंजिनिअरने ते गृहीत धरलेलं बरं.

गिअरच्या ओव्हरहॉलची मुदत ए३२० साठी साधारणपणे १० वर्षं किंवा २०,००० फेऱ्या, जे आधी येईल ते. मधल्या काळात लग पाहायचा प्रसंग विशेष तपासणीखेरीज येत नाही. त्यामुळे त्या दोन संदेशांची जोडी लॉगमध्ये आली की तिच्यापुढची कारवाई 'रीसेट केलं, ठीक' एवढ्यावर थांबवू नये. रीसेट हवेत वैमानिकाचं काम भागवण्यासाठी आहे. जमिनीवर आल्यावर त्याच नोंदीखाली बोरस्कोपचा निकाल, तपासणी करणाऱ्याचा परवाना क्रमांक आणि भाग बदलला असेल तर जुन्या-नव्याचे सिरीयल नंबर हवेत.